फ्लॅट मोजू नका, बेड मोजा

कॉलेज मोठं झालं की गाव भराभर वाढतं आणि रिकाम्या प्लॉटवर चार-पाच मजली, कधी दहा मजली अपार्टमेंट उभ्या राहायला लागतात. या विषयावर तुमची इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं त्यालाच द्यायचं ठरवलं. मी बरीच वर्षं इमारतींचे नकाशे काढले आणि तपासलेही, तर त्यातून जे समजलं त्याच्या आधारावर उत्तरं देतेय.

आमच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मोठी अपार्टमेंट येतेय. बिल्डरचा माणूस मीटिंगमध्ये म्हणाला, फक्त दीडशे फ्लॅट आहेत, दीडशे घरं म्हणजे काही फार नाही. पुढच्या महिन्यात परवानगीची सुनावणी आहे. आम्हाला उगाच विरोध करायचा नाही पण नंतर पस्तावायचंही नाही. काय विचारू? — एक निवृत्त शिक्षक

सर, पहिला प्रश्न एकच विचारा, बेड किती? फ्लॅट किती ते राहू द्या.

कॉलेजजवळच्या नवीन इमारतीत एक फ्लॅट म्हणजे एक कुटुंब हे गणित लागूच पडत नाही, तिथे एका फ्लॅटमध्ये चार बेडरूम असतात आणि प्रत्येक बेडरूम वेगळ्या मुलाला दिलेली असते. म्हणजे तुमचे दीडशे फ्लॅट म्हणजे सहाशे बेड, आणि सहाशेच्या सहाशे मोठी माणसं. सगळ्यांना सकाळी साधारण एकाच वेळी आंघोळ करून बाहेर पडायचंय, सगळ्यांकडे लॅपटॉप, सगळ्यांची पार्सलं येणार. तरीही पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन, लिफ्ट, कचऱ्याचे डबे, सायकल स्टँड हे सगळं फ्लॅटच्या आकड्यावर काढलेलं असलं तर पहिल्याच वर्षी गडबड होते, आणि मग लोक म्हणतात मुलंच बेशिस्त आहेत. मुलं नाही हो, हिशोबच चुकलेला असतो.

नकाशा मागून घ्या, तो बघायचा तुमचा हक्क बहुतेक ठिकाणी असतो. समजायला अवघड नाही. एक फ्लॅट निवडा आणि त्यातल्या प्रत्येक बेडरूमला स्वतःचं बाथरूम दिलंय का बघा, मग हॉल बघा, चार बेडरूमच्या मानाने हॉल अगदी छोटा, एक सोफा आणि ओटा एवढाच मावेल असा असेल, आणि नकाशासोबत दारांची यादी असेल तर बेडरूमच्या दाराला बाहेरून किल्लीचं कुलूप दाखवलंय का तेही बघा. कुटुंबासाठी घर काढताना कोणी आतल्या बेडरूमला किल्लीचं कुलूप दाखवत नाही. हे तिन्ही दिसलं की समजायचं, हे घर बेडप्रमाणे भाड्याने देण्यासाठीच काढलंय. त्यात वाईट काहीच नाही, फक्त मग सगळे आकडे बेडच्या हिशोबाने मागायचे.

नंतर पाण्याचं विचारा, आणि दोन्ही पाण्याचं. एक पिण्याचं, आणि दुसरं पावसाचं, कारण आज तो मोकळा प्लॉट पाऊस पितो. उद्या तिथे स्लॅब आणि काँक्रीट झालं की तेच पाणी वाहत रस्त्यावर येणार आणि उतार तुमच्याकडे असेल तर तुमच्या फाटकात. ते पाणी कुठे साठवणार, कुठल्या गटारात सोडणार आणि त्या गटाराची ताकद किती, हे लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं, परवानगी मिळाली की, कोणी लक्षात ठेवत नाही. अटी घालायच्या तर त्या परवानगीच्या कागदावरच, नंतर कितीही पत्रं लिहिली तरी हातात काही राहत नाही.

अजून एक काम सुनावणीची वाट न बघता करा. खोदकाम सुरू व्हायच्या आधी तुमच्या घराच्या भिंती, कंपाउंड, फरशी यांचे फोटो काढा, जुने तडे असतील त्यांच्या शेजारी पट्टी धरून फोटो काढा म्हणजे रुंदी दिसेल, आणि तारखेसकट जपून ठेवा. पाया खोदताना, पाइल म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब ठोकताना आसपास हादरे बसतात, आणि नंतर नवीन तडा गेला तर तो नवीन आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

आणि एक विनंती करते सर, सुनावणीत 'मुलं आवाज करतील' हा मुद्दा काढू नका. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये हे झालेलं आहे. पीपल्स पार्क नावाच्या जागेवर तिथल्या विद्यापीठाला सुमारे ११०० विद्यार्थ्यांसाठी घरं बांधायची होती, शेजारचे लोक २०२१ मध्ये कोर्टात गेले, त्यांच्या मुद्द्यांमध्ये एक मुद्दा असा होता की विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील कोर्टाने तो मान्यही केला. मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याने कायदाच बदलला आणि जून २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. इतकी वर्षं गेली आणि तेवढ्या काळात मुलं घरं शोधत फिरत राहिली. माणसांवर हरकत घेतली की वेळ जातो आणि शेजार आधीच बिघडतो. टाकी, गटार, जिना, लिफ्ट यांच्यावर हरकत घेतली तर इमारत सुधारते, आणि तिथे राहणाऱ्या मुलांनाही त्याचा फायदाच होतो.

ताई, मी सेकंड इयरला आहे. कॉलेजच्या मागे नवीन बिल्डिंग होतेय, बेडप्रमाणे भाडं, जिम, स्टडी रूम, सॅम्पल रूम तर एकदम भारी. नाहीतर आम्ही चौघी मैत्रिणी मिळून एक जुनं घर घेऊ शकतो. आई म्हणते जुनं घर घ्या. मला नवीन हवंय. — गोंधळलेली

अगं, जुनं की नवीन हा प्रश्न बाजूला ठेव, आधी दोन्हीकडचं अॅग्रीमेंट मागून वाच, सगळं, शेवटच्या पानापर्यंत.

चौघींनी मिळून घर घेतलंत तर बहुतेक वेळा अॅग्रीमेंट एकच असतं आणि चौघींच्या सह्या असतात, म्हणजे एकीने मधेच कॉलेज सोडलं तर तिचं भाडं उरलेल्या तिघींच्या डोक्यावर येतं, घरमालक एकटीकडूनही पूर्ण भाडं मागू शकतो. बेडप्रमाणे घेतलंस तर तू फक्त तुझ्या बेडची जबाबदार, शेजारच्या खोलीतली मुलगी पळून गेली तरी तुझं भाडं तेवढंच. हा मोठा फायदा आहे आणि आईलाही सांग. पण त्याची दुसरी बाजू अशी की ती खोली रिकामी झाली की तिथे कोण येणार हे कंपनी ठरवणार, तू नाही. चौघींची मैत्री पक्की असेल तर जुनं घर, नसेल किंवा माहीत नसेल तर बेडप्रमाणे, माझं सरळ मत हेच. दोन्हीकडे आणखी एक बघ, भाडं किती महिन्यांचं. बऱ्याच ठिकाणी बारा महिन्यांचं असतं आणि तू राहणार नऊ किंवा दहा महिने, मग सुट्टीत दुसऱ्या कोणाला द्यायची परवानगी आहे का ते बघ.

आता बिल्डिंग 'होतेय' म्हणालीस, म्हणजे अजून झालेली नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. कॉलेजजवळच्या इमारतीला एकच तारीख पाळायची असते, टर्म सुरू व्हायची. ती हुकली की वर्षभराचे भाडेकरू हातचे जातात, म्हणून शेवटचे दोन महिने अशी काही घाई चालते की विचारू नकोस. माझ्या भाचीच्या वेळी तेच झालं. ती बॅगा घेऊन पोचली तर तिच्या मजल्यावर लिफ्ट चालू नव्हती, कॉरिडॉरमध्ये छताच्या वायरी लोंबत होत्या, बाथरूमच्या फरशीचं ग्राउटिंग ओलं, आणि तिच्या खोलीच्या दाराला कुलपाच्या जागी नुसतं गोल भोक, त्यात कोणीतरी वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवलेला. त्या भोकातून कॉरिडॉरचा लाइट रात्रभर आत येत होता म्हणे. नऊ दिवस ती हॉटेलात राहिली आणि पहिली असाइनमेंट लॉबीत बसून केली. म्हणून अॅग्रीमेंटमध्ये शोध, तारखेला खोली तयार नसेल तर काय. तेवढ्या दिवसांचं भाडं माफ, पर्यायी सोय त्यांच्या खर्चाने, आणि अमुक दिवसांच्या पुढे गेलं तर पूर्ण डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडायची मुभा, ही तीन वाक्यं असली तर सही कर. नसली तर घालून माग, आणि घालायला तयार नसतील तर ती इमारत एक वर्ष जुनी झाली की मग जा, तोवर तिचे दोषही कळलेले असतील.

सॅम्पल रूम भारी असतेच गं, तिला खिडकी पण असते. तुझ्या खोलीला आहे का? हे गमतीने विचारत नाहीये. मधोमध कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना चार-चार खोल्यांचे फ्लॅट, अशी इमारत काढली की बाहेरची भिंत सगळ्या खोल्यांना पुरतच नाही, मग एखाद-दोन बेडरूम आत ढकलल्या जातात आणि त्यांना खिडकी मिळत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराला विद्यापीठासाठी अकरा मजली, सुमारे साडेचार हजार मुलांची इमारत ठरली होती, चार्ली मंगर या अब्जाधीश गुंतवणूकदाराने भरपूर देणगी देऊ केली पण रचना आपलीच हवी म्हणाले, आणि त्यात बहुतेक सगळ्या बेडरूम बिनखिडकीच्या, खऱ्याच्या जागी कृत्रिम उजेडाची खिडकी. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या तपासणी समितीवरच्या एका आर्किटेक्टने त्यावरून राजीनामा दिला, मग खूप आरडाओरडा झाला आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो बेत सोडला. टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये तर विद्यापीठाशेजारी अशा खोल्या प्रत्यक्ष बांधल्या गेल्या, मुलं त्यात राहिली, तक्रारी झाल्या, शेवटी २०२४ मध्ये तिथल्या सिटी कौन्सिलने नवीन इमारतींत बिनखिडकीच्या बेडरूमवर बंदी घातली. परीक्षेच्या दिवसांत, सकाळ झालीय की नाही हे फोन बघून कळणारी खोली घेऊ नकोस. भाडं थोडं कमी असलं तरी नको, हे मी ठासून सांगते.

आणि शेवटचं. खोली बघायला जाशील तेव्हा जिना शोध. तुझ्या खोलीपासून दोन वेगवेगळ्या दिशांना दोन जिने आहेत का, आणि ते चालत जाऊन बघ, नुसतं बोट दाखवलं तर मानू नकोस. खाली सायकली आणि खोकी रचून दार अडवलंय का तेही बघ. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडात बोल्टनला विद्यार्थ्यांच्या इमारतीला आग लागली, बाहेरच्या आवरणावरून भराभर वर चढत गेली. सुमारे दोनशे मुलं बाहेर आली आणि कोणाचा जीव गेला नाही. बाहेरच्या भिंतीला काय लावलंय हा प्रश्न त्यानंतर तरी प्रत्येकाने विचारायला हवा, आणि विचारताना लाजायचं काही कारण नाही.

मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, जुन्या इमारतीत भाड्याने राहते. नवीन अपार्टमेंटचं भाडं आमच्या दुप्पट आहे. त्यामुळे आमचंही भाडं वाढणार असं सगळे म्हणतात. खरं आहे का? — एक भाडेकरू

ताई, नवीन इमारत महागच असते, जमीन नवीन भावाची, कर्ज नवीन, सगळंच नवीन. पण तिच्यामुळे तुमचं भाडं वाढतं असं मात्र साधारणपणे होत नाही, उलटच होतं. ती इमारत नसती तर ती दुप्पट भाडं देऊ शकणारी मुलं गेली कुठे असती? तुमच्याच इमारतीत आली असती, चौघं मिळून, आणि चौघांनी मिळून दिलेल्या भाड्याशी एका पगाराची बरोबरी कशी होणार. ती तिकडे गेली की त्यांची जुनी जागा रिकामी होते, तिथे आणखी कोणी जातं, त्याची जागा रिकामी होते, अशी साखळी खाली सरकत जाते. फिनलंडमध्ये प्रत्येकाच्या पत्त्याची सरकारी नोंद असते, त्यावरून हेलसिंकीत संशोधकांनी माणसं कुठून कुठे गेली हे माग काढत बघितलं, तर शहराच्या मध्यातल्या महागड्या नवीन इमारतींमुळे एक-दोन वर्षांतच कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतही जागा मोकळ्या होत गेलेल्या दिसल्या. ऑस्टिनमध्ये पण, २०२२ नंतर खूप अपार्टमेंट तयार होऊन बाजारात आल्या आणि भाडी चढायची थांबून चक्क उतरली.

पण दोन गोष्टींनी हे बिघडतं आणि त्या तुम्ही ऑफिसात आहात म्हणून तुम्हाला माझ्याआधी कळतील. एक म्हणजे कॉलेजने किती नवीन ॲडमिशन वाढवल्या. तीनशे बेड नवीन आले आणि मुलं आठशे वाढली तर भाडं वाढणारच, आणि लोकांना दिसणार ती नवीन इमारत, वाढलेल्या ॲडमिशन कोणाला दिसत नाहीत, म्हणून शिव्या इमारतीला. दुसरं म्हणजे ती इमारत कशाच्या जागी आली. मोकळ्या पार्किंगच्या जागी आली तर चांगलंच. पण जुनी स्वस्त घरं पाडून आली असेल तर तिथल्या भाडेकरूंचं नुकसान त्याच दिवशी झालं, साखळी सरकून त्यांच्यापर्यंत येईल तेव्हा येईल, तोवर त्यांनी राहायचं कुठे? म्हणून हिशोब असा मांडायचा, नवीन बेडमधून पाडलेले बेड वजा करा आणि वाढलेल्या ॲडमिशन वजा करा, जे उरेल ते खरं. उत्तर शून्याच्या खाली गेलं तर घरमालकाशी आत्ताच दोन वर्षांचा करार करून घ्या.

प्रत्येक फ्लॅटला एक पार्किंग सक्तीचं करायला नको का? — रस्त्यावर गाडी लावणारा

नको. तळघरातलं पार्किंग बांधायला फार महाग पडतं, आणि त्याचा खर्च गाडी नसलेल्या मुलांच्या भाड्यात जातो. ऑस्टिनने नोव्हेंबर २०२३ मध्ये पार्किंगची सक्तीच काढून टाकली, सगळ्या शहरात. मात्र कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर असेल, नाहीतर रात्री उशिरापर्यंत बस असेल, तरच हे जमतं. आणि सायकल स्टँड प्रत्येक बेडमागे एक, प्रत्येक फ्लॅटमागे नाही.

निवृत्तीचे पैसे आलेत. नवीन इमारतीत एक चार बेडरूमचा फ्लॅट घेऊन मुलांना कॉट बेसिसवर द्यावा म्हणतो. एजंट म्हणतो भाडं कधी थांबणारच नाही. — एक वाचक

काका, थांबतं. एकाच कॉलेजवर उभा असलेला धंदा आहे हा, आणि कॉलेजचं गणित तुमच्या हातात नाही. कॅनडात बघा, जानेवारी २०२४ मध्ये सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली, आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी, आणि जी कॉलेजं त्याच विद्यार्थ्यांवर वाढली होती त्यांच्या ॲडमिशन घसरल्या. एका घोषणेने.

दुसरं, एका घरात बिननात्याची किती माणसं राहू शकतात याचा नियम आधी शोधा. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये, तेही विद्यापीठाचंच गाव, बरीच वर्षं तीनच्या वर बिननात्याची माणसं एका घरात चालत नव्हती, २०२४ मध्ये राज्याने कायदा करून असे नियम रद्द केले तेव्हा कुठे सुटका झाली. इंग्लंडमध्ये तीन ते सहा बिननात्याच्या माणसांनी एकत्र राहायच्या घराला २०१० पासून वेगळा वर्गच आहे, आणि काही भागांत साध्या घराचं तसं घर करायला परवानगी घ्यावी लागते. चार बेडरूम विकत घेतल्या आणि कायद्याने तीनच भरता आल्या तर एजंट काय करणार?

घ्यायचाच असेल तर असा फ्लॅट घ्या ज्यात उद्या एखादं कुटुंबही राहू शकेल. हॉल बऱ्यापैकी मोठा, स्वयंपाकघराला उजेड. चार बाथरूम आणि हॉल नाही असला फ्लॅट मुलं गेली की कोणालाच नको असतो. आणि निवृत्तीचे सगळे पैसे त्यात घालू नका, ही मात्र कळकळीची विनंती.

मी पंचाहत्तर वर्षांची, एकटी. मुलाने कॉलेजजवळच्या नवीन अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घेऊन दिला. वर चार मुलं राहतात. रात्री एक वाजता पण धाडधाड आवाज येतो. भांडायला नको वाटतं. — एक आजी

आजी, आधी आवाज कसला ते दोन-तीन रात्री ऐका. बोलणं, गाणी असतील तर तो हवेतून येणारा आवाज, तो भिंतीतल्या फटी, पाइपच्या भोवतीची भोकं, दाराखालची फट इथून येतो, आणि तो बराच बुजवता येतो. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमात दोन घरांमधल्या भिंतीने अडवायच्या आवाजाला एक आकडा ठरवून दिलाय, आकडा जितका मोठा तितका आवाज जास्त अडतो, प्रयोगशाळेत मोजला तर ५० हवा आणि बांधून झाल्यावर जागेवर मोजला तर ४५ चालतो. तुमच्याकडे असा काही नियम असेल तर मुलाला बिल्डरकडून मोजणी करून घ्यायला सांगा, नवीन इमारतीत पहिल्या काही वर्षांत दोष दुरुस्त करायची जबाबदारी बऱ्याचदा त्याच्यावर असते.

पण धाडधाड म्हणताय म्हणजे पावलं, खुर्ची, कपाट, वॉशिंग मशीन. हा आवाज स्लॅबमधूनच येतो, खालून तुम्ही कितीही छत सजवलं तरी फारसा फरक पडत नाही, उपाय वरच करावा लागतो. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या, मशीनखाली जाड रबर, पलंगाच्या बाजूला सतरंजी, एवढ्याने फरक जाणवेल.

तर एखाद्या रविवारी सकाळी जरा उशिरा, मुलं उठली असतील तेव्हा, वर जा. तक्रार म्हणून नाही, ओळख करून घ्यायला. त्यांना खरंच माहीत नसेल की खाली कोणी झोपलेलं असतं, त्यांच्यासाठी ती इमारत म्हणजे हॉस्टेलच. त्यांच्यातल्या एकाला पाच मिनिटं खाली तुमच्या खोलीत आणा आणि बाकीच्यांना वर नेहमीसारखं चालायला सांगा, खुर्ची ओढायला सांगा. तो आवाज त्याने स्वतः खाली उभं राहून ऐकला की पुढचं बोलणं सोपं जाईल. नमद्याच्या चकत्या आधीच आणून ठेवा, चार खुर्च्यांना सोळा लागतात. आणि तुमचा फोन नंबर त्यांच्या फ्रिजवर लावून या, त्यांचा तुमच्या फ्रिजवर. पुढच्या वर्षी मुलं बदलतील, तेव्हा टर्मच्या पहिल्याच आठवड्यात पुन्हा एकदा वर जाऊन या.